पाहुण्यांसाठी बांधलेल्या वास्तू

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या वाड्यावरील एक जुने घर पाडण्यात आले. घरची मुले नोकरीनिमित्त परमुलुखात स्थायिक झालेली; दर वर्षी कौले परतण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न होता. प्रथम मंगलोरी कौले उतरली, मग वासे निघाले, आणि एके सकाळी कोरीव दार, शिंपल्यांच्या तावदानांच्या चार खिडक्या व ओसरीचे दोन लाकडी खांब एका मालमोटारीत चढले. किनाऱ्यावरील एका नव्या हॉटेलात ते बसवायचे होते. पुढे काही महिन्यांनी त्या हॉटेलात जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. दार ओळखीचे निघाले. परंतु ते कोठेही उघडत नव्हते. पक्क्या भिंतीवर ते तसबिरीसारखे बसविले होते, आणि परगावचे पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढून घेत होते.

त्या पाहुण्यांना आम्ही दोष देत नाही. हॉटेल बांधणारासही एकदम देत नाही. दार सरपणात गेले नाही, एवढे तरी खरे. पण ज्या दारातून त्या घरच्या सुना माप ओलांडून आत आल्या, त्याच्यामागे आता केवळ भिंत आहे, ही गोष्ट मनाला लागून राहिली. परक्या माणसाला एखाद्या प्रदेशाची ओळख करून देणारी वास्तू कशी असावी? तिने त्या प्रदेशाचा नुसता वेष घ्यावा, की त्याचा स्वभाव घ्यावा? या प्रश्नाचा थोडा विचार विद्यार्थी मित्रांपुढे मांडावा, म्हणून हा लेख.

परगावच्या माणसाला निवारा देणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. गोव्यातील मोठ्या देवालयांच्या आवारांत अग्रशाळा आहेत. लांब ओसरी, तिच्यामागे खोल्यांची रांग, आणि समोर देवालयाचे प्रांगण, अशी त्यांची साधी रचना. अग्रशाळेने स्वतःविषयी काही सांगावे, अशी कोणाची अपेक्षा नसे. सांगण्याचे काम देवालय, दीपमाळ आणि तळी करीत. आजच्या पर्यटकाची गोष्ट निराळी आहे. तो प्रदेश पाहण्यासाठीच घराबाहेर पडतो, आणि ज्या इमारतीत तो उतरतो, जेवतो किंवा तिकीट काढून शिरतो, तिनेही त्या प्रदेशाविषयी काही बोलावे, असे त्याला वाटते. म्हणून एखादी कल्पना मनाशी धरून, कोठे जुन्या व्यापारी शहराची, कोठे कोळ्यांच्या वस्तीची, तर कोठे रानातल्या मचाणाची, अशा इमारती बांधल्या जातात. या कल्पनेला 'थीम' म्हणण्याची रीत आता आपल्याकडेही रुळली आहे. आपण तिला 'सूत्र' म्हणू. सूत्र म्हणजे दोरा. माळेचा दोरा फुलांच्या आतून ओवलेला असतो. तोच फुलांवरून गुंडाळला तर माळ होत नाही. सूत्र धरून बांधलेल्या वास्तूचे मर्म या एका दृष्टान्तात आहे.

अशा वास्तूंच्या खटाटोपात जवळजवळ सारे आयुष्य घालविलेला एक वास्तुविशारद ब्रिटनमधील वेल्स प्रांतात होऊन गेला. सर क्लफ विल्यम्स-एलिस (१८८३–१९७८) हे त्यांचे नाव. निसर्गसुंदर जागी माणसाने बांधकाम केले की ती जागा विद्रूप होते, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी ठरविण्यासाठी त्यांनी १९२५ साली समुद्रकाठी, एका नदीच्या मुखाशी, झाडीने भरलेला उताराचा भूभाग विकत घेतला आणि तेथे पोर्टमेरियन नावाचे लहानसे गाव वसविले. १९२६ मध्ये तेथील हॉटेल सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धामुळे पडलेला खंड सोडता, बांधकाम १९७० नंतरही काही वर्षे चालूच होते. गाव वेल्समध्ये, पण रंग, मनोरे, कमानी आणि चौक इटलीच्या समुद्रकाठच्या गावांची आठवण करून देणारे!

या गावात दोन गोष्टी मोठ्या मौजेच्या आहेत. पहिली गोष्ट दृष्टिभ्रमाची. जागा थोडी आणि पैसा बेताचा असल्यामुळे विल्यम्स-एलिस यांनी नाटकाच्या नेपथ्यकाराची युक्ती वापरली. दूरची वस्तू लहान दिसते, हे आपल्या डोळ्यांना जन्मभराच्या सवयीने ठाऊक असते. म्हणून वरच्या मजल्यांची मापे थोडी थोडी कमी करीत नेली की बेताचा मनोराही उंच भासतो. काही खिडक्या खऱ्या, तर काही भिंतीवर रंगविलेल्या आहेत. पाहणारा जवळ जातो, फसवणूक त्याच्या ध्यानात येते आणि तो हसतो. ही फसवणूक लपून राहावी, असा हेतूच नसतो. तिचा खुला खेळ असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ठिकठिकाणी पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारतींचे अवशेष विल्यम्स-एलिस आणीत आणि त्यांना आपल्या गावात पुन्हा उभे करीत. १९३६ साली एमरल हॉल नावाच्या एका जुन्या प्रासादाचा लिलाव झाला. तेथील एका दालनाच्या कमानदार छतावर हर्क्युलिसच्या पराक्रमांचे देखावे गिलाव्यात उठावाने घडविलेले होते. ते छत त्यांनी १३ पौंडांना घेतले. पण छत घेतले म्हणजे त्याला पेलणारे दालन हवे; म्हणून त्याच प्रासादाच्या खिडक्या आणि भिंतींवरील लाकूडकामही त्यांना घ्यावे लागले, आणि त्या सर्वांसाठी गावात एक सभागृह बांधावे लागले. ब्रिस्टल शहरातील सुमारे १७६० सालची एक दगडी स्तंभावली त्यांनी अशीच आणून १९५९ मध्ये पुन्हा उभी केली. पडत्या इमारतींचे हे आश्रयस्थान आहे, असे ते म्हणत. येथे आम्हांला आमच्या वाड्यावरील ते दार आठवते. विल्यम्स-एलिस यांनी छतासाठी घर बांधले, आणि छत पुन्हा छताचेच काम करू लागले. आमच्याकडे दार भिंतीवर टांगले, आणि ते दार राहिले नाही. जुनी वस्तू नव्या जागी नेण्यात दोष नाही. तिचे काम काढून घेण्यात आहे.

आता आपल्या गोव्याकडे वळू. दोनापावलाजवळ वांयंगिणीच्या किनाऱ्यावर १९८२ साली 'सिदाद द गोवा' हे हॉटेल उभे राहिले. या पोर्तुगीज नावाचा अर्थ 'गोवा नगरी' असा आहे. त्याचे शिल्पकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) हे मूळच्या गोमंतकीय घराण्यातले. त्यांचा जन्म सिकंदराबादचा. नावाप्रमाणे या हॉटेलाचे सूत्र 'नगर' हे आहे. एकच प्रचंड इमारत न बांधता कोरियांनी रंगीत भिंती, लहानमोठे चौक, वळणे आणि पायऱ्या यांतून एखाद्या जुन्या शहरातून फिरल्याचा भास निर्माण केला. येथेही खऱ्या दाराखिडक्यांच्या शेजारी रंगविलेल्या दाराखिडक्या आहेत. पणजीत मांडवीच्या काठी कोरियांनीच आखलेल्या कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात असाच विनोद आहे. तेथे भिंतींवर नाटकगृहाचे सज्जे रंगविले आहेत आणि त्यांत मारिओ मिरांडा यांनी चितारलेले गोमंतकीय प्रेक्षक बसले आहेत. त्यामुळे प्रयोगाला गर्दी बेताची असली, तरी ही चित्रातील मंडळी मात्र न चुकता हजर असतात!

परंतु कोरियांची खरी थोरवी रंगविलेल्या खिडक्यांत नाही. केरळातील कोवळम येथे १९६९ ते १९७४ या काळात त्यांनी समुद्रकाठच्या टेकडीवर एक विश्रामस्थान बांधले. तेथे वेष नाही, सोंग नाही. टेकडीच्या माथ्यावर उंच इमारत उभी केली असती, तर टेकडीचा आकारच नाहीसा झाला असता. कोरियांनी टेकडी सपाट केली नाही. उताराला धरून खोल्यांच्या रांगा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे एकीखाली एक उतरविल्या. त्यामुळे समुद्र सर्वांना सारखा दिसतो, वारा सर्वांना सारखा मिळतो, आणि दुरून पाहिले तर टेकडी टेकडीच राहते. अंदमानातील पोर्ट ब्लेअर येथील त्यांच्या हॉटेलातही हाच विचार आहे. तेथे उतरत्या लाकडी छपरांखाली मोकळे सज्जे समुद्राकडे पायरीपायरीने उतरतात. छपरासाठी तेथलेच पडौक लाकूड वापरले आहे. या दोन्ही ठिकाणी सूत्र कोणते, असे विचारले तर उत्तर एवढेच: जमिनीचा उतार, समुद्र आणि वारा. फुलांच्या आतून गेलेला दोरा तो हाच.

कोणी म्हणेल, जमीन आणि हवा ठीक. पण माणसांचे जीवन कसे दाखवावे? याचे एक सुंदर उत्तर चेन्नईच्या दक्षिणेस, मुट्टुकाडू येथे पाहावयास मिळते. १९८४ साली स्थापन झालेल्या मद्रास क्राफ्ट फाउंडेशन या संस्थेने तेथे दहा एकर जागेत 'दक्षिणचित्र' नावाचे संग्रहस्थान उभारले. १९९६ च्या डिसेंबरात ते लोकांसाठी खुले झाले. त्याची आखणी लॉरी बेकर या वास्तुविशारदाने केली. येथे काचेच्या कपाटांतील वस्तू हे मुख्य आकर्षण नव्हे. घरे हेच आकर्षण. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्र या प्रदेशांतील अठरा जुन्या तऱ्हेची घरे येथे उभी आहेत. मालक जी घरे पाडणार होते अशी घरे विकत घेऊन, त्यांचे भाग सुटे करून, येथे आणून पुन्हा जोडण्यात आली.

घर असे उचलून आणता येते तरी कसे? केरळातील जुन्या लाकडी घरांत खिळ्यांऐवजी खाच आणि कूस यांची जोडणी असते. एका फळीची कूस दुसरीच्या खाचेत नेमकी बसते. बांधणाऱ्या सुताराने ज्या क्रमाने जोडले, त्याच्या उलट क्रमाने ते सोडविता येते. प्रत्येक भागावर क्रमांक घालावयाचा, नकाशावर तोच क्रमांक लिहावयाचा, आणि नव्या जागी त्या नकाशाबरहुकूम घर उभे करावयाचे. मातीची भिंत मात्र उचलता येत नाही; ती नव्याने घालावी लागते, आणि त्यासाठी माती मळण्याची, लिंपण्याची जुनी कला जाणणारा कारागीर शोधावा लागतो. म्हणजे एक घर वाचविताना त्या घराची विद्याही वाचते.

दक्षिणचित्रात एक घर इलकलच्या विणकराचे आहे. हे कर्नाटकातील इलकल म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या 'इरकली लुगड्यां'चे गाव. ते लुगडे आपल्या घरातील पेटीत असेल. परंतु ज्या घरात ते विणले गेले, ते घर आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? विणकराचे घर हे केवळ राहण्याचे घर नसते. माग हा त्या घरातील जणू कर्ता पुरुष, आणि त्याच्या लांबीरुंदीला व लागणाऱ्या उजेडाला धरून बाकीच्या घराला जागा मिळते. असे घर पाहिले म्हणजे लुगड्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. चांगल्या पर्यटनवास्तूने करावयाचे काम हेच.

अशा वास्तूला नेहमी मोठी जागा किंवा मोठे भांडवल लागते, असेही नाही. तिरुवनंतपुरम् येथे रेल्वे स्थानकाजवळ याच लॉरी बेकर यांनी बांधलेले इंडियन कॉफी हाऊस आहे. बेकर (१९१७–२००७) जन्माने इंग्रज; १९४५ साली ते भारतात आले आणि येथलेच झाले. कॉफी हाऊसची जागा अगदी चिंचोळी होती. बेकरनी तेथे मजल्यावर मजला न चढविता, मध्यभागाभोवती गोल गोल वर जाणारा एकच उतरता मार्ग बांधला. गिऱ्हाईक दाराने शिरते आणि चालता चालताच वर चढू लागते; जिना लागत नाही आणि मजला बदलल्याचे कळतही नाही. बाहेरच्या भिंतीच्या कडेने मेजे व बाके पक्की बांधलेली आहेत. जमीन उताराची, पण मेजे सपाट. कॉफीचा पेला घसरत नाही! भिंतीत विटांची जाळी आहे, तिच्यातून वारा खेळतो आणि उन्हाचे लहान लहान कवडसे आत येतात.

बेकरना काटकसरीचा मोठा हव्यास होता. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवून, मध्ये पोकळी सोडून भिंत रचण्याची पद्धत त्यांनी आपल्या देशात लोकप्रिय केली. या पद्धतीने सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात, आणि मधल्या पोकळीतील हवेमुळे आतील खोली थंड राहते. अशा भिंतीला ते बहुधा गिलावा करीत नसत. विटेचा रंग हाच तिचा शृंगार. कॉफी हाऊसवर केरळी छप्पर नाही, हत्तीचे शिल्प नाही, नारळाचे चित्र नाही. तरीही हजारो प्रवासी ते मुद्दाम पाहावयास जातात. सूत्र एकच, आणि तेही पायांना कळणारे: चालत राहा, वर चढत राहा, मिळेल तेथे बसा.

या उदाहरणांवरून लहान प्रकल्पाची आखणी करणाऱ्याने स्वतःला कोणते प्रश्न विचारावेत, ते ठरविता येते. मग तो प्रकल्प हॉटेलाचा असो, तिकीटघराचा असो, पाणपोईचा असो की धबधब्याच्या वाटेवरील विसाव्याच्या मंडपाचा. पहिला प्रश्न: जमीन कशी आहे, आणि पाणी कोठून कोठे वाहते? दुसरा प्रश्न: ऊन, वारा आणि पाऊस कोणत्या दिशेने येतात? गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३०० सेंटिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. येथे सपाट छताची नक्षीदार इमारत उभारणारा पहिल्याच पावसाळ्यात ओल पुसत बसतो. तिसरा प्रश्न: जवळ काय मिळते आणि ते हाताळणारा कारागीर कोण आहे? चौथा प्रश्न: पाहुणा कोठून येईल, कोठे थबकेल, त्याला प्रथम काय दिसेल आणि शेवटी काय? पाचवा प्रश्न बहुतेक लोक विसरतात: दहा वर्षांनी या वास्तूची डागडुजी कोण करणार? हे पाच प्रश्न सुटल्यानंतरच सहावा विचारावा: हिला कोणते रूप द्यावे? वाईट आखणी सहाव्या प्रश्नापासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते.

या कसोटीला आपली जुनी घरे लावून पाहिली, तर मोठे नवल वाटते. उतरते छप्पर आणि पुढे आलेली वळचण पावसाला धरून आहे. जांभ्याचे चिरे जवळच्याच खाणीतले. शिंपल्यांची तावदाने काच महाग होती तेव्हाची. पण त्यांतून येणारा उजेड दुधासारखा सौम्य असतो, डोळ्यांवर तिरीप येत नाही. हिंदू घरातील राजांगण म्हणजे घराच्या मधोमध उघडलेले आभाळ; तेथून उजेड व वारा साऱ्या खोल्यांना मिळतो. आणि गोव्याच्या घराची खूण म्हणून जो प्रत्येक जाहिरातीत दिसतो, तो बल्कांव पाहा. दारासमोरचे ते लहानसे छप्पर आणि दोन बाजूंची पक्की आसने कशासाठी? संध्याकाळी घरच्या माणसांनी तेथे बसावे, रस्त्याने जाणाऱ्याने क्षणभर थांबावे, पावासाठी पोदेर आला तर घ्यावा, माशांचा भाव विचारावा, कोणाच्या घरी काय चालले आहे ते कळावे. बल्कांव घराचा जितका, तितकाच रस्त्याचा. आता हॉटेले बल्कांव बांधतात. पण उंच कुंपणाच्या आत, मोटारी लावण्याच्या जागेकडे तोंड करून. तेथून कोणी शेजारी जात नाही. आसने आहेत, संध्याकाळ नाही. वेष घेणे आणि स्वभाव घेणे यांतील भेद याहून अधिक स्पष्ट करून सांगता येणार नाही.

ही घरे नीट समजून घेण्याची सोय आपल्याजवळच आहे. पर्वरीनजीक तोर्डा येथे जेरार्ड दा कुन्हा या वास्तुविशारदाने गोव्यातील घरांचेच एक संग्रहालय बांधले आहे. रस्त्यांच्या मधल्या तिकोनी तुकड्यावर, जहाजासारखी निमुळती होत गेलेली ही इमारत आहे. जागाच तिकोनी, म्हणून आकारही तिकोनी. येथेही सूत्र जमिनीतूनच उगवले आहे. आत दारे, खिडक्या, कौले, फरशा आणि घरांचे नकाशे मांडलेले आहेत. शाळेची सहल पुन्हा त्या बाजूला निघेल, तेव्हा ते अवश्य पाहावे.

परंतु संग्रहालय ही शेवटची आशा असते, पहिली नव्हे. सारीच घरे वाचविता येणार नाहीत, हे आम्हीही जाणतो. छप्पर गळते, वाटण्या होतात, मुले दूर जातात. रिकाम्या घराला नुसत्या कौतुकाने तोलून धरता येत नाही. काही घरांत पाहुणे उतरू लागले आणि त्या उत्पन्नातून कौले परतली गेली, तर त्यात आनंदच आहे. तेथे दार उघडेल, चूल पेटेल, बल्कांवावर कोणी बसेल. अशा घराला वेगळे सूत्र शोधण्याची गरज नसते.

आणि जे घर वाचणारच नाही, त्याच्यासाठी विद्यार्थी मित्रांना एक काम सांगावेसे वाटते. येत्या सुट्टीत मोजण्याची फीत, शिसपेन्सिल आणि चौकटींची वही घ्या. आपल्या किंवा शेजारच्या जुन्या घराच्या मालकांची परवानगी घेऊन खोल्यांची लांबीरुंदी मोजा, दाराखिडक्यांची उंची मोजा, आणि उत्तर दिशा दाखवून नकाशा काढा. कोणती जागा कशासाठी होती, तिला काय म्हणत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्या त्या जागी लिहा. असे नकाशे आपल्या शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवावेत, अशी आमची सूचना आहे. दक्षिणचित्रातील घरे पुन्हा उभी राहिली, ती कोणीतरी आधी अशी मापे घेतली म्हणूनच.

आमच्या वाड्यावरील त्या घराचे माप कोणीही घेतले नव्हते. दार किती उंच होते, ते हॉटेलात जाऊन आजही मोजता येईल; पण ते उघडल्यावर समोर काय दिसे, ते मात्र आता आठवणीतूनच सांगावे लागते. आम्हांला आठवते ते असे: आधी राजांगणातील तुळस, तिच्यामागे विहिरीचा रहाट, आणि त्याच्याही मागे माडांच्या झावळ्यांतून दिसणारी पावसाळी शेते.